कंबर आणि गुडघा यांच्या मधलं

पेशंटचे रिपोर्ट आमच्याकडं कपाटात असतात, तारखेनुसार लावलेले. किस्से मात्र कुठंच लावून ठेवलेले नसतात. ते कुकरच्या शिट्ट्या मोजताना आठवतात, कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर आठवतात आणि मी एकटीच हसत सुटते. शेजारची बाई विचारते, "काय झालं हो डॉक्टर?" आणि सांगता तर येत नाही!

कारण माझा दवाखाना बायकांचा. उमरग्यात, हायवेपासून दोन गल्ल्या आत. ट्रकचे हॉर्न ऐकू येतात, पण रस्त्यावरून दार दिसत नाही. बायकांना ते फार सोयीचं वाटतं. वीस वर्षं झाली. सोबत पहिल्यापासून रजिया सिस्टर. आणि खाली, जिन्याला लागून, अप्पांचं मेडिकल. एवढंच आमचं कुटुंब.

आज थोडं सांगते. नावं सांगणार नाही, गावंही दोनचारच सांगेन.

*

आमच्याकडं येणारी बाई दुखणं कधी सरळ सांगत नाही. आधी डोकं दुखतं. मग हातपाय गळतात. मग "जेवण जात न्हाय" होतं. मी वाट बघते. शेवटी दाराकडं एकदा बघून ती म्हणते, "आन जरा खाली बी तरास हाय." खाली म्हणजे पाय नव्हे, हे आता मला कळतं.

एकदा चाळिशीची एक बाई आली. नीटनेटकी, हातात पर्स, बोलायला चुणचुणीत. म्हणाली, "म्याडम, मला काय न्हाय. माझ्या बहिणीला हाय. आग होती, खाज येती, पांढरं जातंय. औषध लिहून द्या, म्या तिला देते."

मी म्हटलं, "असं न बघता कसं देऊ? बहिणीला घेऊन या."

"ती लई लाजते."

"मग अवघड आहे. टेबलावर झोपवून तपासावं लागेल तिला. पाचच मिनिटं."

बाईनं थोडा विचार केला. पर्स रजियाच्या हातात दिली, चपला काढल्या आणि टेबलाकडं निघाली.

"झोपते की मग!"

साधं इन्फेक्शन होतं. आठ दिवसांत बरं झालं. पुढच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, "बहीण आता झ्याक हाय. तुमाला नमस्कार सांगितलाय तिनं!"

*

पाळी गेली की आतली त्वचा पातळ होते, कोरडी पडते. मग नवऱ्याजवळ जाणं नको वाटतं, कधी नुसतं चालतानासुद्धा चुरचुरतं. त्यावर साधं, पाण्यासारखं नितळ, निसरडं जेल मिळतं. लावायचं आणि विसरायचं. पण ते दुकानात मागायचं कसं?

एका बाईंना मी चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि अप्पांच्या काउंटरपुढं उभ्या राहिल्या. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं, दोन्ही पुरुष. मग चिठ्ठी कसली निघते!

"अप्पा, जेल द्या."

"कसलं जेल? कंबरंचं का मानंचं?"

"न्हाय... त्येच्या खालचं."

अप्पांनी झटकन ट्यूब काढून दिली. गुडघेदुखीची! चोळली की आग आग होणारी!

नशीब असं, की रजियाचा एक नियम आहे. औषध घेतलं की वर येऊन तिला दाखवायचं, मगच घरी जायचं. त्या बाई कंटाळत जिना चढून आल्या. रजियानं ट्यूब पाहिली आणि मटकन स्टुलावर बसली. "या अल्ला!" मग उठली, ट्यूब घेतली आणि तरातरा खाली गेली. मी वरच्या खिडकीतून ऐकत होते.

अप्पा बिचारे घाबरले. "सिस्टर, कंबरंच्या खालचं म्हणल्या त्या. कंबरंच्या खाली गुडघाच येतो की!"

रजिया म्हणाली, "अप्पा, कंबर आन गुडघ्याच्या मधी बी माणूस असतंय!"

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी आपल्या बायकोला दुकानात बसवायला सुरुवात केली. दुपारी दोन ते पाच, फक्त बायकांसाठी. त्या वेळात अप्पा घरी झोपतात आणि म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोप मिळाली!

*

ईट म्हणजे भूम तालुक्यातलं मोठं गाव. तिथून उमरगा म्हणजे जवळजवळ जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचं. एक बाई तिथून एसटी बदलत बदलत आल्या. मी विचारलं, "एवढ्या लांब? तिकडं चांगल्या डॉक्टर आहेत की."

"म्हणून तर इकडं आले. तिकडं समदी वळखतात."

अंग बाहेर येत होतं त्यांचं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरलेली. तीन बाळंतपणं, प्रत्येक वेळी आठव्या दिवसापासून पाण्याचे हंडे. चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी तपासलं, समजावलं, व्यायाम शिकायला रजियाकडं बाहेर पाठवलं.

बाहेरून एकदम ओरडण्याचा आवाज आला.

बाकावर त्यांची धाकटी जाऊ बसलेली!

"तू तर तुळजापूरला गेलीस न्हवं?"

"आन तुमी तर माहेरला!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग धाकटी हळूच म्हणाली, "अक्का, तुमचं बी... बाहीर येतंय का?"

मोठी खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. धाकटी पण हसली, मग रडली, मग दोघींनी रजियाचा चहा प्यायला. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, चार वर्षं दोघी हेच दुखणं घेऊन एकमेकींपासून लपवत होत्या!

जाताना मोठी म्हणाली, "म्याडम, आता तुळजापूरला उतरून दर्शन घेतो. निदान हिचं तरी खरं हुईल."

*

एका गावात शाळेच्या खोलीत बायकांची बैठक होती. मी अर्धा तास बोलले. खालची जागा सुगंधी साबणानं धुऊ नका, नुसतं पाणी पुरतं. कोरडेपणा म्हणजे पाप नाही, म्हातारपणाची शिक्षा नाही. शेवटी विचारलं, "कुणाला काही त्रास?"

साठ बायका. एकही हात वर नाही. सगळ्या खडूनं लिहिलेला सुविचार वाचतायत!

मी सामान आवरायला लागले. तेवढ्यात रजिया पुढं आली. "बरं ऱ्हावू द्या. जिला कायसुदीक तरास न्हाय, तिनं हात वर करा."

एकही हात वर नाही.

मग एकीनं दुसरीकडं पाहिलं, दुसरीनं तिसरीकडं, आणि जो काही हशा उठला! त्या दिवशी आम्हाला निघायला दोन तास उशीर झाला.

*

लग्नाला पाच महिने झालेली एक मुलगी आली. चेहरा उतरलेला. सासरी कुजबुज सुरू झाली होती, हिच्यात काहीतरी खोट आहे म्हणून. कारण काय, तर जवळ आलं की दुखतं, ती आक्रसून घेते, रडते. तिलाही पटलं होतं, की आपण इतर बायकांसारख्या नाही.

तपासलं. काही दोष नव्हता. भीती होती, घाई होती आणि कोरडेपणा होता. मी तिला सांगितलं, "तू अगदी चांगली आहेस. जेल वापरायचं. सावकाश घ्यायचं. आणि तुला हवं असेल तेव्हाच. तोवर नाही."

"मला हवं आसल तवाच?"

"हो."

"आसं कागदावर लिहून द्याल का?"

मी लिहिलं. तिनं वाचलं, परत माझ्यापुढं सरकवलं. "शिक्का मारा. आमच्यात शिक्का असल्याबिगर कुणी ऐकत न्हाय."

मी शिक्का मारला. सही केली. एवढ्या वर्षांत इतकं महत्त्वाचं सर्टिफिकेट मी दुसरं दिलेलं नाही.

दीड महिन्यानं दोघं आली. ती वजन करायला पडद्यामागं गेली आणि नवरा माझ्यापुढं आला. तरणा पोरगा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. खुर्चीच्या टोकावर बसला. "डॉक्टर, एक विचारायचं हुतं. त्या कागदाची मुदत कधी संपती?"

मी काही बोलायच्या आत पडद्यामागून, वजन करून येता येता, तिचा आवाज आला.

"संपली की! परवाच. तुमी इचारलंच न्हाय!"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. रजिया तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाली.

*

माकणीचं एक जोडपं. दोघं पन्नाशी ओलांडलेली. नवरा दाराबाहेर उभा, आत येईना. बाई आत आल्या आणि पहिल्याच वाक्याला सरळ बोलल्या. "दोन वर्षं झाली, म्या त्येंच्याजवळ जात न्हाय. लई दुखतं. सांगायची लाज वाटती. त्येंना वाटत आसल, हिचं मन उडालं."

मी औषधाचं क्रीम दिलं, जेल दिलं, वापरायचं कसं ते सांगितलं. मग म्हटलं, "त्यांनाही आत बोलवू का? ऐकू दे."

बाईंनी मान डोलावली. नवरा आला. टोपी हातात. मी दोघांसमोर सगळं समजावलं. पाळी गेल्यावर असं होतं, यात तिची चूक नाही, तुमची नाही, आणि उपाय आहे.

त्या गड्यानं हातातली टोपी दोनदा उलटसुलट केली. मग म्हणाला, "म्हंजी... हिला माझा राग न्हाय?"

"राग कशाचा?"

"हिची म्हस म्या न इचारता इकली हुती. त्याच वक्ताला हिनं हातरूण येगळं केलं. म्या समजलो, त्येच्यावरनं हाय."

बाईंनी कपाळावर हात मारला. "त्या म्हशीचं कवाच इसरले म्या! लाथा मारायची मेली!"

नवऱ्याचा चेहरा असा काही मोकळा झाला, की काय सांगू! दोन वर्षांचं ओझं तिथंच खाली ठेवलं त्यानं. पण लगेच त्याला काहीतरी आठवलं.

"आन मग दोन वर्षं रोज सांजच्याला म्या भांडी घासली, ती उगाच?"

बाई उठल्या, पदर सारखा केला. "उगाच कशी? लई स्वच्छ निघतात तुमच्या हातची. चालू ठिवा."

*

हे एवढं शेवटचं.

साठी ओलांडलेली एक आजी. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. त्यांना पुन्हा लाल डाग दिसायला लागले. त्या गप्प. पण धुणं धुताना सुनेनं पाहिलं. सून बारीक अंगाची, मितभाषी. तिनं घरात कुणालाच न विचारता सासूला रिक्षात घातलं आणि थेट माझ्यापुढं आणून बसवलं.

"आत्या काय सांगणार न्हायीत. म्या सांगते." आणि तिनं सगळं सांगितलं.

या वयात असं रक्त दिसलं की आम्ही थांबत नाही. बहुतेक वेळा साधंच निघतं, पण कधी कधी कॅन्सरही निघतो. मी दोघींना तसंच सांगितलं. सोनोग्राफी केली. आतला तुकडा काढून सोलापूरला तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस.

आजींनी एकच विचारलं, "रिपोर्ट काय बी येऊ द्या, ज्वारी काढंपातूर तरी ऱ्हाईन न्हवं?"

ते आठ दिवस सून रोज सकाळी फोन करायची. "आला का?" "नाही गं." "बरं." एवढंच. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. मी पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा शेवटची ओळ वाचली. कॅन्सर नव्हता! आतलं अस्तर पातळ झालेलं, कोरडं पडलेलं, त्यामुळं रक्त. औषधानं बरं होणारं. मी रजियाला हाक मारली, तिनं वाचलं आणि दोन्ही हात वर केले.

दोघींना बोलावून घेतलं. सांगितलं. सुनेनं डोळे मिटले आणि भिंतीला टेकली.

आजी मात्र खूश दिसेनात. चेहरा पडलेला. मी म्हटलं, "आजी, अहो आनंदाची गोष्ट आहे! काय झालं?"

आजी माझ्याकडं झुकल्या. सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक केला, पण त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळं तो बारीक आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

"घोटाळा झालाय बाई. म्या मरणार म्हणून माझी मोत्याची नथ हिला देऊन टाकली, नाक टोचून घाल म्हणलं. सासूबाईंनी मला दिल्याली. आता म्या तर मरत न्हाय! मग ती माघारी कशी मागू?"

कुणी हसलं नाही. सून भिंतीपासून बाजूला झाली. टेबलापाशी आली. कमरेला खोचलेलं पदराचं टोक सोडलं. त्याला गाठ होती, घट्ट. दातांनी सोडवावी लागली. आतून फडक्यात गुंडाळलेली नथ निघाली. ती तिनं सासूच्या हातावर ठेवली.

"घ्या. म्या नाक टोचलंच न्हाय."