मास्तरांचं मराठी अक्षर

ज्याच्यासाठी पॅरिसचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत आणि ज्याला भाजे गावच्या बायकांनी भातलावणीत पहिला नंबर दिला, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला. त्याच्याबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त केलं, कधी नातवंडांचं. खरं कारण पुढे येईलच. ते आधीच सांगितलं तर तुम्ही माझ्यावर चिडाल आणि मास्तरांकडे तुमचं लक्षच जाणार नाही, आणि मास्तर लक्ष देण्यासारखेच होते.

साठ सालच्या आगेमागे मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर कारकून होतो. मुंबईचे शौकीन पाहुणे डिसेंबरात आणि मे महिन्यात येत. त्यांच्यासाठी मालकांनी जॅझ वाजवणारा एक पियानोवाला आणून ठेवला होता. माणूस व्हिएतनामचा. सोळाव्या वर्षी बोटीवर भांडी घासत फ्रान्सला गेला, पॅरिसमध्ये नाव काढलं, मग हाँगकाँग, सिंगापूर, मुंबई असा वाजवत वाजवत घाट चढून आला आणि हवा आवडली म्हणून राहिला. त्यांचं नाव उच्चारायला आधी सूर लावावा लागे. आमच्या मॅनेजरने एकदा प्रयत्न केला, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "आता तुम्ही मला भोपळा म्हणालात." त्या दिवसापासून सगळं हॉटेल त्यांना मास्तर म्हणू लागलं.

मास्तरांची हिंदी-मराठी अशी होती की तिच्यात क्रियापद पाहुण्यासारखं कधीतरी येई. पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या फुगून बसत, तेव्हा ते त्याच्या पोटात एक पेटता बल्ब टांगून ठेवत आणि विचारणाऱ्याला सांगत, "पियानोला पडसं." घाटातून येणाऱ्या एका गाडीची शिट्टी अर्धा सूर उतरलेली आहे, अशी तक्रार घेऊन ते स्टेशनमास्तरांकडे गेले होते. त्या सज्जन गृहस्थांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि अर्ज तीन प्रतींत द्यायला सांगितलं. मास्तरांनी तो दिलाही. तीन प्रती मीच लिहिल्या.

सगळ्यांत गाजलं ते वासाचं प्रकरण. सात नंबरच्या खोलीमागे काहीतरी मेलंय, असं पाहुणे म्हणू लागले. मॅनेजरने तीन दिवस उंदीर शोधला, फरशा उचकटल्या, आणि या शोधात मास्तर स्वतः कंदील धरून पुढे होते. चौथ्या दिवशी आचाऱ्याने बंबाच्या आडोशाला एक चिनी मातीची बरणी पकडली. आत नदीतले बारीक मासे मिठात मुरत पडलेले. मास्तर तीन महिन्यांपासून त्यांना पाणी सुटायची वाट बघत होते. मॅनेजर नाकाला रुमाल लावून ओरडला, "हे काय आहे?" मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले, "माझी आई." मग जरा सावरून त्यांनी सांगितलं, की तिच्या घराला असा वास असे, आणि तीस वर्षांत तो घ्यायची त्यांना लाज वाटली. पॅरिसमध्ये कुणी गाव विचारलं की ते कधी जपान सांगत, कधी चीन, एकदा तर पेरू सांगितलं. "सगळीकडचा झालो," ते म्हणाले, "घरचा सोडून." बरणी गावाबाहेर गेली, पण मॅनेजरने पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही.

जुलैत हॉटेल रिकामं असे. अशाच एका दिवशी मी त्यांना मळवलीला उतरवून भाज्याची लेणी दाखवायला नेलं. लेण्यांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. वाटेवर बायका खाचरात वाकून भात लावत होत्या आणि भलरी म्हणत होत्या. मास्तर बांधावर उभे राहिले ते छत्री मिटून. ते तासभर भिजत होते आणि मी त्यांच्या बाजूला शिंकत होतो. त्यांची आईसुद्धा अशीच वाकून गायची. हाच वेग, हीच मधे घेतलेली दमाची जागा.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन हजर. गाणाऱ्यांची म्होरकी होती ठमाबाई, वय साठ, जीभ विळ्यासारखी. मास्तरांनी तिला बांधावर बसून गाणं म्हणायची विनंती केली.

"बसून?" ठमाबाई म्हणाली. "आवं, हात रिकामा असल्यावर गळ्यातनं काय निघतंय? गानं पायजेल तर चिखलात उतरा."

मास्तरांनी पॅरिसची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. बायका तोंडाला पदर लावून हसायला सज्ज झाल्या. पण मास्तरांनी डाव्या हातात रोपांची जुडी धरली आणि उजव्या हाताची बोटं अशी चालवली, की ठमाबाईच्या आधी त्यांची ओळ संपली, आणि तीही दोरी धरल्यासारखी सरळ. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आपल्यातलाच हाय! कारकूनभाऊ, तुमीच तेवढं बाहेरचं!"

पुढचे दोन पावसाळे आम्ही दर सुट्टीला भाज्याला होतो. वहीच्या डाव्या पानावर मास्तर सूर लिहीत, उजव्या पानावर गाण्याचे शब्द मी लिही. खाली ते नकाशा काढत, कारण त्यांचं ठाम मत होतं की खोल चिखलात ताल लांबतो, म्हणून कोणतं गाणं कोणत्या खाचरातलं हे कळलंच पाहिजे. बेत पक्का होता. इथे हात बसवायचा, वही पुरी करायची आणि मग घरी जाऊन आईची गाणी लिहायची. "तिथे चुकलो, तर ती मारेल," मास्तर म्हणत. आई हयात आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती मारेल याची खात्री होती.

मग बासष्ट साली चीनशी युद्ध पेटलं. कालपर्यंत मास्तरांना नमस्कार घालणारा पानवाला त्यांना चिनी म्हणू लागला. "पॅरिसमध्ये मीच सांगायचो," मास्तर मला म्हणाले, "आता हे सांगतात." आठवड्याभरात मुंबईहून एक साहेब आले. कोणत्या खात्याचे, ते त्यांनी सांगितलं नाही. मॅनेजरच्या खोलीत टेबलावर वही उघडी होती. मी हॉटेलचं रजिस्टर काखेत घेऊन दाराशी उभा होतो.

"हे ठिपके कसले?"

"गाणं."

"आणि ही नक्षी?"

"चिखल."

"नकाशात रेल्वेलाइन कशाला?"

"गाडी आली की बायका गायच्या थांबतात," मास्तर म्हणाले. यात हसण्यासारखं काही आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

साहेबांनी पान उलटलं. "हे मराठी अक्षर इथल्या माणसाचं आहे. कुणाचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक आहे?"

एक वाक्य बोलायचं होतं. अक्षर माझं आहे, ही भातलावणीची गाणी आहेत, चला भाज्याला, ठमाबाई म्हणून दाखवील. एवढ्याने सगळं मिटलं असतं. माझ्या काखेतल्या रजिस्टरात पानोपानी तेच अक्षर होतं. महिन्यापूर्वीच माझी नोकरी कायम झाली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. दाबल्यावर वर न आलेल्या पट्टीकडे ते पाहत, तसं. मग म्हणाले, "मी लिहिलं."

"तुम्ही? लिहून दाखवा."

त्यांनी पेन्सिल घेतली. आधी एक लांब आडवी रेघ ओढली आणि दोरीवर कपडा वाळत घालावा तसा तिच्याखाली एक 'भ' टांगला. तोही उलटा. साहेब मोठ्याने हसले. हसून झाल्यावर त्यांनी मास्तरांना दोन दिवसांत लोणावळा सोडायला सांगितलं आणि वही पिशवीत टाकली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

जास्त पगारावर गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढे गावात बोललं जाऊ लागलं की मास्तर हेर होते, पियानोत त्यांनी वायरलेस लपवला होता. तो बल्ब होता, हे मला ठाऊक होतं. मी कुणाचंही म्हणणं खोडून काढलं नाही. ठमाबाई मात्र मळवलीच्या फलाटावर भेटली तेव्हा पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "न सांगता कसं गेलं? भात कापायला येतो म्हनलं व्हतं." मी म्हणालो, "लय घाई होती, मावशी." तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं.

आठ-नऊ वर्षांनी मुंबईहून तार आली. मास्तर पॅरिसला जाताना एक दिवस थांबणार होते. मी गेलो. वाटेत माफीचं वाक्य पाठ केलं होतं. हॉटेलच्या दिवाणखान्यात ते साथीदारांच्या घोळक्यात उभे होते. केस पांढरे झाले होते, पण बाकी तसेच. ते तासभर बोलत होते. घरी गेले तेव्हा आई होती. तिने आधी विचारलं, भातलावणी विसरलास का? ते म्हणाले, भाज्याला करून आलो. मग एक आख्खा पावसाळा तिच्यामागे वाकून त्यांनी तिची गाणी लिहिली, आणि आता तीच ते जगभर वाजवत होते.

मी वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी मला खांद्याला धरून साथीदारांपुढे उभं केलं आणि फ्रेंचमध्ये काही सांगितलं. सगळे आदराने माझ्याशी हात मिळवू लागले. मास्तरांनी मला अर्थ सांगितला.

"म्हटलं, यांनीच मला मराठी लिहायला शिकवलं."

शेवटी त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला.

"मास्तर," मी म्हणालो.

ते थांबले. घाई नव्हती त्यांना.

"यंदा भाज्याला पीक चांगलं आलंय."

"वा," ते म्हणाले. आणखी थोडा वेळ त्यांनी हात तसाच राहू दिला, मग हळूच सोडवून घेतला.