हिवतापाची दुर्बीण

धानोऱ्याच्या आमच्या शाळेत हिवताप खात्याचे साहेब आले तेव्हा मी सातवीत होते. वर्गात मुली आम्ही दोघीच. मी धान पिकवणाऱ्या घरातली, आणि माझी मैत्रीण जंगलातल्या गावाहून काकाकडे शिकायला आलेली गोंडाची पोर. पावसाळा सरला की तिला थंडी वाजून ताप यायचा. बाकावर कुडकुडत बसायची, पण घरी जायची नाही.

साहेबांनी टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो. ते म्हणाले, "या कामाला माणसं हवी आहेत. फवारणीला, रक्त तपासायला. तुमच्यातलाच कोणी उद्या माझ्या जागी येईल." गुरुजींनी दुर्बिणीतून पाहायला मुलांची रांग लावली. आम्ही दोघी शेवटाला जाऊन उभ्या राहिलो.

गुरुजी म्हणाले, "तुमी कशाले? घरी जा. मायले सांगा, फवारणीवाले येऊन राह्यले, भांडी बाहेर काढा म्हना."

"आमाले बी पाह्यचं हाय, गुरुजी."

"पोरीले काय कराचं हाय त्याचं?"

"मंग पोराले काय कराचं हाय?" मी विचारलं.

दोन्ही हातांवर छडी बसली. मी हात मागे घेतले नाहीत आणि रांगही सोडली नाही. मैत्रीण माझं पोलकं घट्ट धरून उभी होती. आमची पाळी आली आणि साहेबांनी दुर्बीण पेटीत ठेवली. आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "वेळ झाली. आज पुढच्या गावी मुक्काम आहे."

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "उद्या तिकडेच जाऊ."

दुसऱ्या दिवशी शाळेकडे न वळता आम्ही सागवानातली पायवाट धरली. पोचलो तेव्हा साहेब फवारणीवर गेले होते. जंगल खात्याच्या बंगल्याच्या ओसरीत एक तरुण तपासनीस दुर्बिणीशी बसला होता.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोनी नाई. आमीच आलो."

त्याने आम्हाला जवळ बोलावलं. मैत्रिणीचे डोळे तापाने लाल झाले होते. "बोट पुढे कर," तो तिला म्हणाला. त्याने सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, वाळल्यावर त्यावर निळं औषध घातलं आणि आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. मग स्वतः पाहिलं आणि बाजूला सरला.

मला फिकट गुलाबी टिकल्या दिसल्या. एका टिकलीत बारीकशी निळी अंगठी होती, तिला लाल खडा.

"तो हिचा ताप," तपासनीस म्हणाला.

मैत्रिणीने एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं. "एवढासाच?" ती चिडून म्हणाली. "आन् याच्यापायी मी कापत बसू?" त्याने दिलेल्या कडू गोळ्या तिने तिथंच गिळल्या.

शाळेत बातमी आमच्या आधी पोचली होती. गुरुजींनी वर्गासमोर माफी मागायला सांगितलं. बाबांना बोलावणं गेलं.

"मागून टाक ना बाई," बाबा म्हणाले.

"काऊन मागू, बाबा? चोरी केली का मी?"

 बाबा गुरुजींना म्हणाले, "पोरगी मागत नाई म्हन्ते जी," आणि धानाच्या बांधीकडे निघून गेले.

आम्हाला व्हरांड्यात बसवलं. गुरुजींनी आत प्रश्न विचारला की मी खिडकीतून मोठ्याने उत्तर द्यायचे. शेवटी त्यांनीच वैतागून आत घेतलं. माफी आम्ही मागितली नाही, आणि मागायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

सातवीनंतर मैत्रीण आपल्या गावी परतली. फवारणीवाले तिथं गेले तेव्हा ती दार अडवून उभी राहिली, असं तिच्या काकाने सांगितलं. आधी लेकराबाळांचं रक्त पाहा, गोळ्या द्या, मगच घरात शिरा, असं तिचं म्हणणं होतं. त्यांना ते करावं लागलं.

पुढे शिकून मी हिवताप खात्यात रक्त तपासायच्या कामासाठी अर्ज केला. बायकांनी नर्स व्हावं, असं उत्तर आलं. मी पुन्हा अर्ज केला, तोही परत आला, मी आणखी एक केला. अखेर चांदा शहरातल्या एका दवाखान्यात शिकायला घेतलं. पहिल्याच दिवशी तिथले डॉक्टर दुर्बिणीकडे बोट करून म्हणाले, "या टेबलाशी आजवर बाई बसलेली नाही."

मी स्टूल ओढलं आणि बसले.