निर्माल्यातली पाणअस्वलं

पूजेचं निर्माल्य आणि पीएचडी करणाऱ्या मुलीचे किस्से, दोन्ही रोज थोडं थोडं साचतात. पिशवी फुगली की मग लक्षात येतं. आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या भजनी मंडळात माझ्या मुग्धाची पिशवी केव्हाच गच्च भरली आहे.

*

पाणअस्वल म्हणजे आठ पायांचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव. तो मखमली अळीच्या जवळचा की खेकडे-झुरळांच्या, हे मुग्धा शोधते. मंडळातल्या शेंडेकाकूंनी अर्ध्या रायपूरची लग्नं जुळवलेली. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी पाच वर्षं? मले गोत्र सांग, संध्याकाळपर्यंत सांगते."

*

गोत्र मिळेना, तेव्हा काकूंनी फोटो मागवले. "पाय गुबगुबीत. अळीचीच बहीण."

"काकू, पर नर्वस सिस्टम तो केकड़ों जैसा है," मुग्धा म्हणाली.

"मग आजोळावर गेलं असन."

मुग्धाच्या गाईडना हे उत्तर अजून सुचलेलं नाही.

*

हरतालिकेला काकूंचा निर्जळी उपवास होता, म्हणजे चहा फक्त दोनदा. मुग्धाने सांगितलं, पाणअस्वल वाळून वर्षानुवर्षं पाण्यावाचून राहतं, पाणी मिळालं की चालू लागतं.

काकू म्हणाल्या, "त्याले स्वयंपाक थोडीच करा लागते."

*

आता माझा पराक्रम. सोमवारी मुंगीही न मारणारी मी, दिवाळीआधी तुळशीवृंदावन घासून लख्ख केलं. मुग्धा दारातच बसली. "मम्मी, वो काई मेरा सैंपल था."

वर्षभर त्याच शेवाळातली अस्वलं ती मोजत होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यांच्यावर उभं, आणि ते महिन्याभरात द्यायचं. सोळा सोमवार मी तिच्या पीएचडीसाठीच धरले होते. देवाने ऐकलंही असेल. पण ब्रश माझ्या हातात होता.

*

दोन आठवडे ती माझ्याशी "हव", म्हणजे हो, यापलीकडे बोलली नाही. मग मला आठवलं: तुळशीचं काही मी कचऱ्यात टाकत नाही. खरवडलेलं शेवाळ निर्माल्याच्या पिशवीत, विसर्जनाची वाट पाहत कोरडंठाक पडलं होतं.

मुग्धाने झेंडू बाजूला सारून ते बशीत घेतलं, पाणी घातलं. मंडळ मायक्रोस्कोपभोवती. तासाभराने एक पाय हलला, मग दुसरा. मी हात जोडले.

"मम्मी, अब पता करूँगी किसका रिश्तेदार है," मुग्धा डोळे पुसत म्हणाली.

काकूंनी तिला बाजूला करून डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"नातंगोतं मग पाहू. निर्जळी सुटली त्याची, पहिले काही खाले दे."