सुपरवायझरचा पाय

मागच्या वर्षी दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत परीक्षा केंद्र चालायचं. परीक्षार्थी एकच, पाचवीतली आमची लेक. बाकी केंद्रप्रमुख, सुपरवायझर, पेपर तपासनीस आणि घंटा वाजवणारा शिपाई ही सगळी पदं आमच्या ह्यांनी स्वतःकडेच ठेवली होती. घंटा देवघरातली. ती वाजली की सासूबाई स्वयंपाकघरातूनच हात जोडायच्या, आणि आरती नाही, पेपर सुरू झालाय, हे ध्यानात आलं की परत भाकरीकडे वळायच्या.

परीक्षा होती सरकारी निवासी शाळेची. पाचवीत असताना पेपर द्यायचा, नंबर लागला तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं तिकडंच. बसतात ढीगभर, घेतात मूठभर. त्यामुळं जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत पाचवीचं पोर असलेल्या प्रत्येक घरात त्या वर्षी सराव परीक्षांचा ताप आला होता. आमच्या घरात तो जरा जास्तच चढला.

ती शाळा लेकीच्या डोक्यात आम्ही घातली नव्हती. एकदा सहलीत बाईंनी पोरांना तिथं थांबवलं होतं, तेव्हाच ती हरखून गेली. घरी येऊन मैदानाचं सांगेल, प्रयोगशाळेचं सांगेल असं मला वाटलं. तर म्हणाली, "मम्मी, तिथं प्रत्येकीला आपापला पलंग आहे. आन् कपाट. कुलूपवालं." ती आजीजवळ झोपायची आणि आजी झोपेत पांघरूण ओढायची, एवढं सांगितलं म्हणजे पलंगाची किंमत तुम्हाला कळेल. पण गंमत बाजूला ठेवते. पोरीला मनापासून जायचं होतं. दहा वर्षांची पोर एखाद्या गोष्टीसाठी टीव्ही सोडते तेव्हा ती गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी राहत नाही.

आमचं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा, असा ह्यांचा धंदा. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत ऑफिसचं काम बघते. म्हणजे दोघांतली जरा बऱ्यापैकी शिकलेली मी, पण शिकवायचा हक्क ह्यांचा. लेक सुट्टीत दुकानावर बसलेली, त्यामुळं गणितात मोंढा शिरायचा. एकदा गणित आलं, एका पोत्यात पन्नास किलो गहू, तर वीस पोत्यांत किती? तिनं एकही गोल काळा केला नाही. का, तर तिनं वीस पोत्यांचं बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन, वजा केलं होतं आणि ते उत्तर पर्यायांत नव्हतं. मी कपाळाला हात लावला. हे मात्र तिच्याच बाजूनं.

"बराबर केलं तिनं. बारदान कोण धरणार, पेपरवाल्याचा मामा?"

असे आमचे गुरुजी. पण काही म्हणा, पोरीचे मार्क बघता बघता चढले. गणित झालं, भाषा झाली, आणि त्या वेगळी आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल ओळखा असल्या प्रश्नांत तर ती चुकेनाच. शंभरात नव्वदच्या खाली येईना. हे मोंढ्यात भाव सांगावा तसे ते मार्क दुकानात सांगत फिरायचे. सासूबाईंनी नंबर लागल्यावर जांब समर्थला दर्शनाला जायचं परस्पर ठरवून टाकलं. मीही ऑफिसात दोन-चार जणींना सहज सांगितल्यासारखं सांगून आले होते, खोटं कशाला बोलू.

मग एका क्लासवाल्या सरांनी मोठी सराव परीक्षा ठेवली. खऱ्यासारखी. शाळेचा हॉल, रांगेनं बाकं, अनोळखी मॅडम सुपरवायझर, पालक फाटकाबाहेर. आम्ही लेकीला अगदी थाटात सोडून आलो. चार दिवसांनी मार्क बघायला तिघं मोटरसायकलवर क्लासला गेलो. बावन्न.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पेपरच टेढा काढला असल त्यानं."

"न्हाई पप्पा, पेपर सोपा होता," ती म्हणाली. "पण त्या मॅडम नुसत्या बसल्या होत्या. त्यांचं काहीच हलत नव्हतं."

हे ऐकूनही माझी ट्यूब पेटली नाही, हे कबूल करते. मला वाटलं, पोर घाबरली असेल, तोंडाला येईल ते बोलून राह्यली.

पुढच्या रविवारी मी मेथी निवडायला मुद्दाम मधल्या दारात बसले. घंटा झाली. लेक खाली पाटावर, पुढ्यात पेपर. हे समोर दिवाणावर, हाताची घडी घालून, अगदी न्यायाधीश. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. फक्त पाय हलत होता. तो हलतोच. लग्नात सप्तपदी झाल्यावर बसले तेव्हाही हलत होता. लेकीनं पेन अ वर नेलं, पाय हलतोय. ब वर नेलं, हलतोय. क वर नेलं आणि पाय थांबला. तिनं क काळा केला. पाय परत सुरू.

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. मी पुढचे सहा-सात प्रश्न बघितले. प्रत्येक वेळी तेच. चुकीच्या गोलावर पेन जास्त वेळ थांबलं तर पाय असा हलायचा की दिवाण कुरकुरायचा. ह्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. इतका साळसूद चेहरा मुद्दाम करायला ह्यांना जमत नाही.

माझे सासरे जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा भाव तिथं तोंडानं कुणी बोलायचं नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबायची, सौदा व्हायचा, आणि शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळायचा नाही. त्या घरातली पोर ही. खाण तशी माती, दुसरं काय.

पेपर संपल्यावर मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुम्ही तिला उत्तरं सांगून राह्यले."

"मी? एक शब्द तरी काढला का तोंडातून?"

"तोंडातून न्हाई. पायानं सांगून राह्यले."

"अगं, पाय लहानपणापासून हलतो माझा."

"हलतो त्याचं काही न्हाई. थांबतो कधी, ते बघा."

पटलं नाही. मग प्रयोग केला. ह्यांच्या पायावर चादर टाकली, तर भुवया वर जायला लागल्या. मग तोंड भिंतीकडे करून बसवलं. कॅलेंडरकडे बघत शिक्षा झालेल्या पोरासारखे बसले बिचारे. पण लेक पर्याय पुटपुटत वाचते, ते ह्यांच्या कानावर पडायचं, आणि मार्क नव्वदच. शेवटी लेकीलाच जवळ घेऊन विचारलं, तर तिचे डोळे भरून आले.

"मी कॉपी न्हाई करत, मम्मी. मी बघत पण न्हाई मुद्दाम. पप्पाचा श्वास ऐकू येतो ना, मला कळूनच जातं. पप्पाचं मला सगळं कळतं."

हे ऐकून ह्यांच्या तोंडावर जे आलं ते आनंदाचं होतं की दुःखाचं, मला सांगता येणार नाही. तिनं मात्र डोळे पुसले आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही बाहेर बसा. तिथं तुम्ही नसणार."

झालं. केंद्रप्रमुखांची बदली ओट्यावर. घंटा माझ्याकडे आली. रविवारी सकाळी दोन तास बाहेर बसून करायचं काय, म्हणून हे मोटरसायकल पुसायला लागले. नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नाही, त्यामुळं पाणी मी देत नव्हते, कोरड्या फडक्यानंच चालायचं. त्या दोन महिन्यांत अख्ख्या जुन्या जालन्यात इतकी चकचकीत गाडी दुसरी नसेल. खिडकीखालून मधूनच विचारायचे, "झालं का गणित?" मी आतून घंटा वाजवायचे. घंटेचा अर्थ गप्प बसा असा ठरला होता.

आत मात्र चेष्टा नव्हती. पहिल्या रविवारी पोरीचं पेन अ वरून ब वर, ब वरून क वर जायचं आणि मान वर व्हायची, रिकाम्या दिवाणाकडे. मग माझ्याकडे. मी मेथीत तोंड घालून बसायचे. "मम्मी, बराबर आहे का?" मी म्हणायचे, मला विचारायचं नाही. अठ्ठावन्न मार्क पडले. दुसऱ्या रविवारी पंचावन्न. तिनं पेपर चुरगाळून फेकला, आजीच्या मांडीत जाऊन रडली, आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच पेपर काढला होता. मी बाहेरून कडक आणि आतून लोण्यासारखी झाले होते. दोनदा तर तोंडावर उत्तर आलं होतं, ओठ चावून बसले.

त्याच संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. मी चहा नेऊन दिला.

"दोन रविवारात हे हाल," म्हणाले. "मंग तिकडं एकटी कशी राहील गं ती?"

"नंबर लागावा म्हणून वर्षभर घंटा कुणी वाजवली?"

"लागावा असं तर वाटतंच. पण लागला, तर..." चहा निवून गेला तरी कप तसाच. तिचा पलंग तिकडं कुठल्या भिंतीला असेल, खिडकी जवळ असेल का, हे मीही मनात बघून घेतलं होतं, आणि मला ते सहन झालं नव्हतं.

पोर मात्र आमच्यापेक्षा चिवट निघाली. तिसऱ्या, चौथ्या रविवारी मान वर येणं कमी झालं. येत नसेल तो प्रश्न सोडून पुढं जायला शिकली. हातात पेन धरून स्वतःशीच पुटपुटायची, आपणच वकील आणि आपणच जज्ज असल्यासारखी. क्लासवाल्या सरांनी शेवटची मोठी सराव परीक्षा घेतली तेव्हा तिला चौऱ्याहत्तर पडले. ह्यांचा चेहरा उतरला. "नव्वदची पोर," एवढंच म्हणाले.

"पप्पा, ते नव्वद आपल्या दोघांचे होते," ती म्हणाली. "हे माझ्या एकटीचे आहेत."

आणि मजेत उड्या मारत सासूबाईंना सांगायला आत गेली. निकालाचं इथंच सांगून टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला कशाला लावू. पुढं खरी परीक्षा झाली आणि तिचा नंबर लागला. आज ती तिकडंच आहे, पलंगावर. पण मला आठवण येते ती निकालाच्या दिवसाची नाही, पेपरच्या दिवसाची.

केंद्र अंबडला आलं होतं. निघताना सासूबाईंनी दही-साखर दिली, अंगारा लावला. फाटकापाशी पालकांची जत्रा भरलेली. हे पॅड हातात धरून सूचना देत होते. गोल पूर्ण काळा कर, जल्दी करू नको, पाणी पी, अडलं तर पुढं जा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातातून पॅड काढून घेतलं.

"पप्पा, आता इथंच थांबा."

आणि गेली. बाकीची पोरं चार पावलं टाकली की मागं वळून हात करायची. एक तर अर्ध्या मैदानातून परत आलं आईला मिठी मारायला. आम्ही दोघं टाचा उंच करून उभे. आमची सरळ चालत गेली, वर्गाच्या दारातल्या सरांना हॉल तिकीट दाखवलं आणि आत दिसेनाशी झाली.

"वळून बघितलं न्हाई तिनं," हे म्हणाले.

"तेच शिकवलं ना आपण तिला? कुणाकडं बघायचं न्हाई म्हणून."

"हो. पक्कं शिकली."

आता हे माणसात रडतील की काय, म्हणून मी पर्समधून दस्ती काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती माझ्याच हातात परत दाबली.

"आधी तुझं तोंड पूस," म्हणाले.