समुद्रापलीकडल्या बाईचा नारळ

त्या वर्षी दुपारी डोळा लागला की मला एकच स्वप्न पडायचं. ओहोटी लागलीय आणि पाणी मागे मागे जातंय, थांबतच नाही. आमच्या पुळणीपासून थेट नवऱ्याच्या बोटीपर्यंत ओली वाळू उघडी पडलीय, आणि तो खांद्यावर बॅग टाकून तिच्यावरून अनवाणी चालत येतोय. मी हाक मारणार, तेवढ्यात शेजारचा कुकर शिट्टी द्यायचा. त्या कुकरवर माझा फार राग होता.

नवरा बोटीवर. रत्नागिरीत एवढं सांगितलं की पुरतं, पुढचं माणसं आपलं आपण समजून घेतात. तो इंजिनरूममध्ये. करार कधीच संपला होता, पण ते आजाराचं वर्ष. बोट एका लहानशा परक्या देशाच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती, आणि त्या देशाने खलाशांना किनाऱ्यावर पाऊल ठेवायला बंदी केली होती. उतरायचंच नाही, तर घरी येणार कुठून? रेंज आली की तो फोन करायचा. किनारा दिसतो, म्हणायचा. चर्चवरचे दिवे दिसतात. वारा किनाऱ्याकडून असला तर कुणाचा तरी कुत्रा भुंकलेलाही ऐकू येतो. पुढे पुढे त्याचं बोलणं आटत गेलं. सासूबाई "जेवलास काय?" विचारायच्या, तो "हो" म्हणायचा, आणि मला ते मुळीच खरं वाटायचं नाही.

नाताळच्या तोंडावर बोटीवर बातमी पसरली. त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष बाई आपल्या लोकांना नाताळच्या शुभेच्छा देणार आणि त्यातच खलाशांना उतरू द्यायचं जाहीर करणार. कुठून पसरली, देव जाणे. पण कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता, म्हणून मीही ती बातमी घट्ट धरून बसले.

भाषण त्यांच्याकडच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या दुपारी होतं. सासूबाई पडवीत भिजलेले वाल सोलत होत्या. मी तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. पिकल्या केसांची, शाल पांघरलेली बाई दिसली. तिच्या मागे गवतावर मातीचं बाळ, शेजारी मातीचीच गाय.

"गोठा काय गो तो?"

"हो. त्यांचा देव गोठ्यात जन्मला."

"मग बरी मानसं असतील," त्या म्हणाल्या आणि वाल बाजूला सारून नीट बसल्या.

बाईची भाषा आम्हाला कळणारी नव्हती. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती मी वाचत होते. बाई सावकाश बोलायची, एक वाक्य झालं की थांबायची. ती पहिल्यांदा थांबली आणि सासूबाईंनी पदराला हात पुसून जोडले.

"व्हय म्हाराजा!"

आमच्या गावात गुरव देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, गावाचं दुखणंखुपणं सांगतो, आणि दर वाक्यानंतर तो थांबला की सगळ्यांनी हेच म्हणायचं असतं.

"आई, हे गाऱ्हाणं नाही. भाषण आहे," मी वैतागून म्हटलं.

"मग थांबते कशाला ती?"

भाषण पुढे चाललं. या वर्षी गेलेली माणसं, थकलेल्या नर्सा, जेवणाच्या टेबलाशी रिकामी राहणारी खुर्ची. आणि प्रत्येक वाक्यामागे आमच्या पडवीतून व्हय म्हाराजा. आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता, त्याचा वास वाऱ्याबरोबर आत येत होता. डोळे जड झाले. अक्षरं पाण्यात सोडल्यासारखी हलायला लागली. कानावर येणारी गाज आमच्या समुद्राची की तिच्या, तेही कळेना. वाटलं, पडवीच अलगद सुटून कुठे तरी निघालीय.

मध्येच बाई अडखळली. खाली बघत राहिली, पाणी प्याली. खाली एकही अक्षर आलं नाही.

"हिचं पन कोनतरी गेलंय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मग शुभेच्छा झाल्या, मुलांचं गाणं झालं, आणि संपलं. खलाशी हा शब्द आलाच नाही. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. नव्हताच.

"मेलीने एक शब्द काढला नाही!" मी ओरडले. मला रडूही येईना, इतका संताप झाला होता.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "ऐकलं," एवढंच म्हणाला. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"गाऱ्हानं घातलंय. आता वायच कळ काढ."

"कोणी घातलं?"

"त्या बायनं. मी व्हय म्हटलंय."

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मग रेंज गेली.

पुढे बंदर खलाशांसाठी उघडलं. का उघडलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. तो शिमग्याला आला, ओल्या वाळूवरून नव्हे, स्टँडवरून रिक्षाने, पायांत बूट घालून. खूप वाळला होता. इतके महिने बोलायचं साठवलेलं मी सगळं विसरले आणि म्हटलं, "पाय धू आधी."

दुसऱ्या दिवशी गावदेवाची पालखी अंगणात आली. तो सुखरूप आला म्हणून एक नारळ ठेवला होता. सासूबाईंनी त्याच्याशेजारी आणखी एक ठेवला.

"हा कोनाचा?" गुरवाने विचारलं.

"त्या बायचा. माझा पोर जिच्या दाराशी अडकलेला, तिचा. तिचं पन वरीस वायट गेलंय."

"नाव काय सांगू?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाव मला पाठ होतं. त्या नावाला मी महिनोन् महिने शिव्या घातल्या होत्या. मी नारळाची शेंडी सारखी करायला वाकले.

गुरव थांबला नाही. नारळ हातात घेऊन त्याने पालखीकडे तोंड केलं.

"बा म्हाराजा, समुद्रापल्याड एक बाय हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"आमचा पोरगा तिच्या दाराशी उभा व्हता..."

"व्हय म्हाराजा!"

"तिचं जे कोन गेलं असंल, त्याला शांती दे. तिच्या घरात सुख दे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या शेजारून आला. ज्याने तो बंद किनारा रोज पाहिला होता, तोच डोळे मिटून, हात जोडून म्हणत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. सगळ्यांचं म्हणून झालं, ढोल पुन्हा वाजायला लागले, आणि मग मीही म्हटलं. एकटीनेच.