डंकावरचे इंग्रजी

लग्न झाले तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि माझी पत्नी दहावीला इंग्रजीतच नापास झालेली होती. तिला बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला जायचे होते. त्यासाठी ऑक्टोबरच्या परीक्षेत तेवढा एक विषय सुटणे आवश्यक होते. मी तिला घरी शिकवू लागलो.

वाक्यरूपांतरावर माझा विशेष भर असे. अर्थ न बदलता होकारार्थी वाक्य नकारार्थी करायचे, 'टू' काढून 'सो... दॅट' घालायचे. ती तोंड उघडायची, आणि पहिलाच शब्द चुकला की मी हळू आवाजात तो दुरुस्त करी. आवाज मृदू होता म्हणून मी स्वतःला सौम्य समजत होतो. काही आठवड्यांत ती बोलायचीच थांबली.

मे महिन्यात वर्षाची चटणी करायची वेळ आली. भाजलेल्या मिरच्या आणि मसाल्याचे डबे घेऊन आम्ही डंकावर गेलो. तिथे यंत्राची लोखंडी मुसळे खाली-वर आदळत असतात, आणि आपली चटणी दुसऱ्याच्या चटणीत मिसळू नये म्हणून घरच्या माणसाला ती कुटून होईपर्यंत समोर बसावे लागते. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी वाक्ये विचारू लागलो. त्या दणदणाटात मला चक्क ओरडावे लागले. शेजारी लसूण सोलत बसलेल्या एक मावशी वळून म्हणाल्या, "मास्तर, चटणी कुटाय आलाय का बायकूसंगं भांडाय?"

"भांडण न्हाय ओ मावशी, इंग्रजीचा अभ्यास हाय," पत्नी म्हणाली.

"मग म्हण की मोठ्यानं. चुकलं तर हितं कुणाला कळतंय?"

ती म्हणू लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र अर्धेच माझ्यापर्यंत येत होते. दुरुस्त तरी काय करणार? त्यात मिरचीच्या खकाण्याने मला शिंकांवर शिंका येत होत्या. तिने एक वाक्य फिरवले, दुसरे फिरवले, मग पुस्तकात नसलेले स्वतःचेच एक रचले. मावशींनी अर्थ विचारला. चटणी इतकी तिखट आहे की मास्तरांना बोलता येत नाही, असे तिने सांगताच रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या, आणि डोळे पुसत मीही हसलो. ती इतके बोलू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हते. ते कळण्यासाठी मला घटकाभर बहिरे व्हावे लागले.

त्यानंतर तिचे वाक्य पूर्ण होईपर्यंत मी तोंडावर हात ठेवून बसू लागलो. चुका होतच होत्या, पण आता शेवटी ती आपणहून विचारून घेई.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी तिच्या जुन्या शाळेच्या फाटकाबाहेर स्कूटर लावून उभा होतो. ती पळतच आली आणि भर रस्त्यात, मोठ्याने, इंग्रजीत म्हणाली की आपण पास झालो. तेवढ्याशा वाक्यातही एक चूक होती.

"अजून एकदा म्हण," मी म्हणालो.

तिने तेच वाक्य, त्याच चुकीसकट, आणखी मोठ्याने म्हटले.