आष्टीच्या चढाची अट

आमच्या ह्यांना सायकलचं वेड लागलं ते मुलीमुळे. ती इंग्लंडमध्ये, डर्बीशायर नावाच्या डोंगराळ भागातल्या एका दवाखान्यात काम करते आणि सुटीच्या दिवशी सायकल घेऊन गावंच्या गावं पालथी घालते. रविवारी दुपारी तिचा फोन आला की बापलेकीचं सुरू. तिकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडांच्या बुटक्या भिंती, मेंढ्या मधेच रस्त्यात येऊन उभ्या राहणार, गाव आलं की एखादं चहाचं दुकान, आणि गाव संपलं की लगेच अंगावर येणारा चढ. "बाबा, इथले लोक चढ टाळत नाहीत, शोधत जातात," असं ती एकदा बोलून गेली. झालं. ह्यांनी वर्धा जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेतला आणि आपल्याकडे चढ कुठे कुठे आहेत ते शोधत बसले.

आधी घराजवळचं पवनार झालं. नदीच्या पुलापाशी जरासा उतार, जरासा चढ, तेवढ्यावर महिनाभर समाधान मानलं. मग एकदा वडनेरला गेले, तिकडून तोंड पाडून परत आले. रस्ता ताटासारखा सपाट आणि दोन्हीकडे नुसती कपाशी. खरे चढ जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, आर्वी-आष्टीच्या टेकड्यांत, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, म्हणूनच मी गप्प होते. माझं माहेर तिकडचं, मोठी बहीण अजून आष्टीलाच राहते.

चढाची मला भीती होती आणि ती उगीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ह्या माणसाने दोन दिवस मला पत्ता लागू दिला नाही. पित्त आहे, पित्त आहे करत ओव्याची फक्की मारली आणि गणिताचे तास घ्यायला शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या शिपायाने त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं आणि मला निरोप मिळाला. हृदयाच्या नळीत स्टेंट बसला, माणूस हिंडूफिरू लागला, पुढे निवृत्तही झाला. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, हळूहळू चढही चालेल म्हणाले. पण माझा विश्वास उडाला तो उडालाच. ह्यांनी "काही नाही" म्हटलं की मला ते खोटंच वाटतं.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर हे आर्वीहून आष्टीला सायकलने जायचं म्हणाले, तेव्हा मी फोनवर मुलीला साक्षी ठेवून अट घातली. चढावर उतरा, ढकलत या, वाटेल तितका वेळ बसा. पण कोणाच्या गाडीत बसून वर आलात, तर समजेन की झेपलं नाही, आणि सायकल त्याच दिवशी बहिणीच्या घरी ठेवून यायची. कायमची. मुलगी म्हणाली, "आई, हे जरा जास्त होतंय." हे मात्र म्हणाले, "मंजूर."

आदल्या संध्याकाळी ते आर्वीला मित्राकडे मुक्कामाला गेले. मी एसटीने आष्टीला, बहिणीकडे. सकाळी बहीण पोहे करत होती आणि मी दर पाच मिनिटांनी दारात. शेवटी तिनेच मला हाकललं, "जाय तू बाजारात जाऊन बस, इथं माह्या डोक्याले ताप नोको देऊ." आठवडी बाजाराचा दिवस होता. आर्वीकडून येणारा रस्ता जिथे बाजाराला मिळतो तिथे एका भाजीवालीच्या शेजारी मी उभी राहिले. तिच्या मेथीच्या जुड्या मी उगाचच इतक्या वेळा वरखाली केल्या की शेवटी तिने मला हटकलं.

आणि मग ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत संत्र्याचे क्रेट, क्रेटवर आडवी टाकलेली निळी सायकल, आणि सायकलला एका हाताने धरून बसलेले आमचे हे.

खरं सांगते, मला आनंद झाला. माणूस धडधाकट दिसत होता आणि सायकल सुटणार होती. दोन वर्षांचं ओझं एका क्षणात उतरल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी दुसरा विचार आला. हे गाडीत का बसले? मी धावतच ट्रॉलीपाशी गेले.

"काऊन हो? छातीत दुखून राह्यलं का? खरं सांगा."

"नाई वं. काही नाई."

हेच ते. काही नाही! मी तिथेच बाजारात त्यांच्या हाताची नाडी धरली. लोक बघायला लागले. ट्रॅक्टरवाला, तिशीतला, मिशा राखलेला गडी, उडी मारून खाली आला. आपण पुण्याचं काम केलं ह्या खुशीत होता.

"काकू, काका चढावर एकटेच उभे होते. लय दम लागला होता. मी म्हटलं बसा, तर नाई नाई करत होते. ह्या उमरीत कायची लाज? उचलली सायकल आन् टाकली वर. काय हलकी आहे हो ती!"

आमच्याकडची ही रीतच आहे. चढावर माणूस पायी दिसला की गाडी थांबते. तो नाही म्हणाला तर संकोचाने म्हणतोय असं धरतात आणि दंडाला धरून बसवतात. हौसेने कोणी घाम गाळत चढ चढेल, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि आमचे हे असे, की पुढच्याचं मन मोडायला नको म्हणून चार कप चहा पिऊन घरी येणारे. तरी मी सोडलं नाही.

"दम काऊन लागला होता?"

"हवा भरून राह्यलो होतो," हे म्हणाले. "दोन्ही चाकं पंक्चर झाली. बाभळीचे काटे होते रस्त्यावर. जोडली, हात-पंपानं हवा भरली. त्याचा दम."

पित्तासारखंच वाटलं मला ते. ऐकायला अगदी बरोबर, म्हणून जास्तच संशयाचं. मी काही बोलणार तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याचा चेहरा उतरला.

"कोणत्या वळणावर, काका? आंब्याच्या झाडापाशी?"

"हो."

"अरे देवा. ते काटे त आमचेच. काल बाभळी तोडल्या, वावराभोवती काट्याची कुपाटी कराची होती, रानडुकरं हरभरा खाऊन राह्यले. ट्रॅक्टरले बांधून रस्त्यानंच वढत नेल्या." त्याने दोन्ही कान धरले. "मीच तुमची सायकल पंक्चर केली आन् मीच तुमाले उचलून आणलं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते, भांडतही नव्हते. सायकलची साखळी फडक्याने पुसत होते, अगदी सावकाश, निरोप द्यावा तसं. "अट म्हणजे अट," म्हणाले. "ठेवतो ताईकडं."

मी गप्प राहिले असते तर मला कोणी नावं ठेवली नसती. पण हा माणूस ह्या वेळी माझ्याशी खरं बोलला होता आणि मी त्याचीच शिक्षा त्यांना देत होते. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी हुकूम सोडते.

"क्रेट उतरवा," मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं. "मग आमाले परत खाली नेऊन द्या."

"खाली? काऊन?"

"हे पुन्हा चढतील."

त्याला वाटलं मी रागाच्या भरात बोलते आहे. पण काट्याची टोचणी असावी, त्याने निमूटपणे क्रेट उतरवले. आम्ही दोघं रिकाम्या ट्रॉलीत बसलो, मधे सायकल. चढाच्या माथ्यावर एक पुलिया आहे, बुटक्या कठड्याची मोरी, तिथे ह्यांनी ट्रॅक्टर थांबवला.

"तू इथं उतर. खाली येऊ नको, मागं तर येऊच नको. तू मागं असली की माहं ध्यान तुह्याकडंच राहते, तू घाबरली का म्हणून."

हे मला तोडून बोलणं वाटलं, पण उतरले. ट्रॅक्टर त्यांना पायथ्याशी सोडून परत वर आला. ट्रॅक्टरवाला माझ्यापासून जरा अंतर राखून पुलियावर बसला. वाटेतले काटे त्याने येताना वेचले होते, हाताला ओरखडे दिसत होते. खाली संत्र्याच्या बागा, मग वळण, आणि वळणापलीकडे काहीच दिसत नव्हतं. मी फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. माणूस दिसत नसताना तो ठीक असेल असं मानायला मी दोन वर्षांत विसरले होते, हे मला तिथे बसून कळलं. रडू आलं. ट्रॅक्टरवाल्याने दुसरीकडे तोंड केलं.

मग वळणावर निळं काहीतरी हललं. हे बसूनच येत होते, उतरले नव्हते. इतके हळू की चालणारा माणूस पुढे गेला असता. सायकल या कडेला, त्या कडेला जात होती. तोंड लाल, नजर समोरच्या चाकावर. मी उभी राहिले. पाण्याची बाटली उघडून पुढे धरली.

ते थांबले नाहीत. माझ्याकडे पाहून मान हलवली, हसले बहुतेक, आणि माथ्यावरून पुढे निघाले. उतार लागला तशी सायकल सुटली, सदऱ्यात वारा भरला, आणि आष्टीच्या दिशेने ते दिसेनासे झाले.

ट्रॅक्टरवाला माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिला. "काकू, ते थांबले काऊन नाई?"

"तब्येत चांगली आहे म्हणून," मी म्हटलं, आणि ट्रॉलीत चढून बसले.